टोप म्हणजे लबाडी नव्हे

विरळ केसांच्या पुरुषाला पुण्यात दोनच सल्ले मिळतात. वस्तरा फिरव आणि मोकळा हो, हा एक. पैसे साठव आणि केशरोपण करून घे, हा दुसरा. टोपाचे, म्हणजे आजच्या बोलीत हेअर पॅचचे, नाव काढले की सल्ला देणाऱ्याचा सूर पालटतो. 'ते असले काही नको' एवढ्यावर विषय मिटतो. कट्ट्यावर, कचेरीत, सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकावर हेच मत ऐकू येते आणि त्याचे कारण कोणी विचारत नाही. मला हे मत चुकीचे वाटते. त्यापायी कितीतरी माणसे गरज नसताना सुरीखाली जातात, म्हणून घातकही वाटते.

प्रतिपक्षावर अन्याय नको. त्याचे म्हणणे त्याच्या सर्वांत भक्कम रूपात असे आहे: टोप ही फसवणूक आहे, कारण जे आपले नाही ते आपले म्हणून दाखवले जाते. केसांसाठी एवढा आटापिटा पुरुषाला शोभत नाही. आज केशरोपणासारखा कायमचा, स्वतःच्याच केसांचा उपाय हाताशी असताना उसने केस डोक्यावर वागवण्यात शहाणपण नाही. टोपाखाली त्वचा गुदमरते आणि उरलेसुरले केसही जातात. शिवाय टोप ओळखू येतोच, मग हसे होते. पाच आक्षेप, पाचही वरवर पटण्यासारखे. यांतल्या दोहोंत सत्याचा अंश आहे, तो मी जागच्या जागी मान्य करीन. पण अंश म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे.

फसवणुकीपासून सुरुवात करू, कारण बाकीच्या आक्षेपांना धार इथूनच मिळते.

तुळशीबागेत जा. बांगड्या, नथी, खोपे, अंबाडे यांच्या शेजारी गंगावने टांगलेली दिसतील. लग्नात नवरीच्या खोप्याला गंगावन लावतात, मंगळागौरीला लावतात, आणि केस विरळ झालेल्या कितीतरी स्त्रिया रोजच्या अंबाड्यातही लावत आल्या. घरच्या सगळ्यांना ते ठाऊक असते. कोणत्या सासरने गंगावन सापडले म्हणून सुनेला लबाड ठरवले? उसने केस माळणे हीच फसवणूक असेल तर ती स्त्रीने केली काय आणि पुरुषाने केली काय, सारखीच. ज्या समाजाने एकीला शृंगार म्हटले त्याने दुसऱ्याला कपट म्हणावे, याला तर्काचा आधार कोणता?

कोणी म्हणेल, स्त्रियांची गोष्ट वेगळी, आपल्याकडे पुरुषाने जसे आहे तसे डोके मिरवावे अशीच रीत. ही रीत कधीची? एकोणिसाव्या शतकातला पुणेरी गृहस्थ डोक्याची हजामत करून घेरा आणि शेंडी राखी, आणि घराबाहेर पडताना पगडी घाली. बोडक्या डोक्याने चारचौघांत जाणे असभ्य मानले जाई. बहुतेक डोके वस्तऱ्यानेच साफ केलेले आणि वर पगडी, तेव्हा कोणाचे केस निसर्गाने गेले आणि कोणाचे न्हाव्याने काढले हे रस्त्यावर कळायला मार्गच नव्हता. पुढे इंग्रजी वळणाचे केस आले, पगडीची टोपी झाली, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे शहरी पुरुषाच्या डोक्यावरून टोपीही उतरली. पुरुषाचे टक्कल चव्हाट्यावर येणे ही जेमतेम तीन-चार पिढ्यांची घटना आहे. ज्या पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जी आपण आजही सत्कारात पाहुण्याच्या मस्तकी ठेवतो, ती शतकभर पुरुषाचे डोके झाकत होती. तिला कोणी ढोंग म्हटले नाही. डोके झाकणे हा पुण्याचा जुना शिष्टाचार आहे. उघडे ठेवणे ही नवी गोष्ट.

तरी एक प्रसंग प्रतिपक्षाच्या बाजूने उभा राहतो, तो टाळून चालणार नाही. २०२० साली मीरा रोड भागातील एका पत्नीने पोलिसांत तक्रार दिली, की नवऱ्याला टक्कल असल्याचे आणि तो विग वापरत असल्याचे लग्नाआधी आपल्यापासून लपवले गेले. तक्रारीत इतरही गंभीर आरोप होते, पण वर्तमानपत्रांनी मथळा केला तो विगचाच. त्या स्त्रीची बाजू मला समजते. कांदेपोह्यांच्या वेळी लपवणे चूकच. पण चूक कशात आहे ते नीट पाहावे. चूक लपवण्यात आहे. मधुमेह लपवला, आधीचे कर्ज लपवले, तरी तीच चूक. दाताची कवळी लावणाऱ्याला आपण ती कवळी आहे एवढ्यावरून लबाड म्हणत नाही. आयुष्याचा जोडीदार होऊ पाहणाऱ्याला टोपाची गोष्ट सांगणे बंधनकारक आहे, हे मी निःसंदिग्धपणे मान्य करतो. कचेरीतल्या सहकाऱ्याला, बसमधल्या शेजाऱ्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला ती सांगण्याचे बंधन कोणते? त्यांच्याशी आपण कोणता करार केला, जो केसांवर उभा आहे?

आता क्षुल्लकपणाचा आक्षेप. केसांचे एवढे काय, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच शहराचा इतिहास आठवावा. नवरा गेलेल्या बाईचे केस उतरवण्याची केशवपनाची क्रूर चाल पुण्याच्या ब्राह्मण घरांत अगदी परवापरवापर्यंत होती. आगरकरांनी 'सुधारक'मधून तिच्यावर लेखणी चालवली. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणून संप केला. केस क्षुल्लक असते तर ते काढून घेणे ही शिक्षा कशी झाली असती? ते न काढण्यासाठी स्वतःच्याच पोटावर पाय देऊन संप का झाला असता? माणसाचा चेहरा कपाळाच्या रेषेने पुरा होतो. आरशातला माणूस आपल्याला अनोळखी वाटू लागला तर त्याचे दुःख खरे असते, आणि ते पुरुषाला होत नाही असे मानायला कोणताही पुरावा नाही. विशीत पुढचे केस गेलेल्या, मुली पाहायला जाताना टोपी घालून जाणाऱ्या तरुणाला 'तुला शोभत नाही' असे म्हणणे सोपे आहे. ज्यांचे केस शाबूत आहेत त्यांनी ते म्हणण्याआधी थांबावे.

खरा वाद केशरोपणाचा आहे. इथे मी अधिक रेंगाळणार आहे, कारण प्रतिपक्षाचा सारा भरवसा याच खांबावर आहे.

केशरोपणाचे शास्त्र खोटे नाही. डोक्याच्या मागच्या आणि कानामागच्या पट्ट्यातील केस पुढे लावले तरी आपला टिकाऊ गुण सोडत नाहीत, हे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेन्ट्राइश यांनी १९५९ साली मांडले आणि आजचे सगळे रोपण त्यावर उभे आहे. पुरुषांतल्या नेहमीच्या टकलात टेस्टोस्टेरॉनपासून शरीरातच तयार होणारे डीएचटी हे संप्रेरक पुढच्या आणि माथ्यावरच्या केशमुळांना हळूहळू आकसवते. मागची मुळे त्याला दाद देत नाहीत. ती उचलून पुढे लावायची, एवढेच रोपण. यात नवा केस एकही निर्माण होत नाही. असलेल्या केसांची जागा बदलते.

म्हणूनच इथे हिशेब मांडावा लागतो. हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये टकलाच्या पायऱ्या लावल्या आणि नॉरवूड यांनी १९७५ मध्ये त्या सुधारल्या. त्या मोजपट्टीवर सात पायऱ्या आहेत. सहाव्या-सातव्या पायरीवरच्या पुरुषाचे उघडे क्षेत्र दोनशे चौरस सेंटिमीटरच्या घरात, कधी त्याहूनही मोठे असते. नैसर्गिक दाटीच्या निम्मी दाटी दिसायची तरी दर चौरस सेंटिमीटरला पस्तीस-चाळीस ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट उचललेले केसांचे पुंजके, लागतात. म्हणजे सात-आठ हजार. आणि मागच्या पट्ट्यातून, तो पट्टा उघडा न पडता, आयुष्यभरात मिळून सहसा पाच-सहा हजारच ग्राफ्ट निघतात. उरलेले कुठून आणायचे? याला उत्तर नाही. जाहिरातीतल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या छायाचित्रांत बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचे तरुण असतात. त्यांच्यासाठी रोपण खरेच उत्तम ठरू शकते, हेही सांगितलेच पाहिजे. पण तो न्याय पूर्ण टकलाला लावणे म्हणजे पावशेर पिठात दहा माणसांच्या पोळ्या करायला बसणे.

दुसरी गोष्ट 'कायमचा' या शब्दाची. रोपलेले केस टिकतात, त्यांच्या शेजारचे मूळचे केस गळतच राहतात. तेविसाव्या वर्षी कपाळावर रेषा आखून घेतलेल्या मुलाचा माथा पस्तिशीत ओसाड झाला, तर पुढे केसांची पट्टी आणि मागे मोकळे मैदान असे डोके त्याला उरलेले आयुष्य वागवावे लागते. म्हणून जाणते शल्यचिकित्सक कोवळ्या वयात हात आखडता घेतात आणि रोपणानंतरही औषध चालू ठेवायला सांगतात. जो उपाय टिकवायला औषध लागते, कधी दुसरी-तिसरी बैठक लागते, तो कायमचा कसा?

आणि जोखीम. २०१९ साली मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. कानपुरात दोन अभियंते रोपणानंतर दगावले आणि २०२५ साली तिथे गुन्हे दाखल झाले. असे मृत्यू विरळा आहेत; निष्णात हातांत ही शस्त्रक्रिया बहुतांशी सुरक्षित आहे. पण निष्णात हात कोणते हे ग्राहकाला कळते का? सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून हे काम शिकता येत नाही, ते प्रशिक्षित डॉक्टरनेच करावे, असे बजावावे लागले. देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेला हे सांगण्याची वेळ यावी, यातच बाजाराची अवस्था कळते. टोप नापसंत पडला तर संध्याकाळी काढून ठेवता येतो. वाया गेलेला ग्राफ्ट परत मिळत नाही. परत फिरता येईल अशा वाटेला हिणवावे आणि न फिरता येणारी वाट डोळे मिटून सुचवावी, हा कुठला शहाणपणा?

ज्या दोन आक्षेपांत सत्याचा अंश आहे असे मी म्हटले होते, त्यांतला एक टोपाने केस जातात हा. तो आता पाहू. केसाला प्राणवायू आणि पोषण मिळते ते त्वचेखालच्या रक्तातून. वरून जाळी बसली म्हणून मूळ गुदमरत नाही. तसे असते तर जन्मभर फेटा बांधणारे सारे टकले झाले असते. हेल्मेटनेही वंशपरंपरेचे टक्कल पडत नाही.   

मग हा समज आला कुठून? मला वाटते, सर्व्हिसिंगच्या खुर्चीतून. चिकटवण्याच्या पद्धतीत, ज्याला दुकानदार बाँडिंग म्हणतात, पॅचखालचे उरलेले केस आधी ट्रिमरने साफ करतात. तीन-चार आठवड्यांनी सर्व्हिसिंगला, म्हणजे साफ करून पुन्हा चिकटवायला, पॅच निघाला की खाली गुळगुळीत डोके दिसते. माणूस दचकतो, पॅचने केस खाल्ले म्हणतो. केस मशीनने कापलेले असतात. पण खरा तोटा वेगळाच आहे आणि तो दुकानदार सांगत नाही. नुसते विरळ झालेले, अजून जिवंत असलेले केस कापून त्यावर पॅच चिकटवला, की मिनॉक्सिडिलसारखे रोज त्वचेवर लावायचे औषध लावता येत नाही. ज्या मुळांना अजून वाचवता आले असते ती दरम्यान निसर्गक्रमाने आकसत जातात. दोष पॅचचा नाही, चुकीच्या वेळी चुकीची पद्धत निवडल्याचा आहे. क्लिपचा पॅच वर्षानुवर्षे त्याच जागी ताणून बसवला किंवा केसांत दोऱ्याने विणून वीव्हिंग केले, तर ओढीमुळे कडेचे केस खरोखर जातात. डिंकाची ॲलर्जी उठते. घाम साचला तर कोंडा आणि पुरळ येते. हे सगळे मान्य. पण यांतली प्रत्येक गोष्ट पद्धत बदलून टाळता येते. चपलेने पाय कापला म्हणून अनवाणी फिरण्याचा सल्ला आपण देत नाही.

'ओळखू येतोच' या आक्षेपाला थोडक्यात उत्तर देता येते. आपण ओळखतो ते वाईट टोप. चांगला टोप ओळखूच आला नाही, तर तो आपल्या मोजणीत आला कसा? जे हरले तेवढेच मोजून सगळे हरतात म्हणणे हे अनुमान नव्हे. टोप उघडा पडतो त्याची कारणे ठरलेली आहेत. पन्नाशीच्या चेहऱ्यावर विशीतली दाटी, भुवयांच्या फार जवळ आणलेली कपाळरेषा, कानाजवळचे केस पिकलेले आणि माथा काळाभोर. यांतली जवळजवळ सगळी चूक घेणाऱ्याच्या हट्टाची असते. पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो दाखवून 'असेच करा' म्हटले की कारागीर तरी काय करणार? विरळ घ्या, रेषा वर ठेवा, पांढरे मिसळून घ्या. मग पाहा कोण ओळखतो ते.

पुण्याच्या हवेत टोप टिकत नाही, असेही म्हणतात. उलट मुंबई-कोकणच्या दमट हवेपेक्षा इथे डिंक बरा धरतो. एप्रिल-मेचा घाम आणि श्रावणातली ओल यांत सर्व्हिसिंग लवकर करावे लागते, एवढेच. हेल्मेटचीही अशीच भीती घालतात. २०१९ च्या जानेवारीपासून इथे हेल्मेटची अंमलबजावणी कडक झाली तेव्हा जो विरोध झाला त्यात केसांची तक्रारही होती. चिकटवलेला पॅच हेल्मेटने हलत नाही. हेल्मेट मागे ओढून न काढता पट्टे फाकवून सरळ वर उचलावे, म्हणजे क्लिपवालाही ताणत नाही. डोके फुटण्यापेक्षा पॅच विस्कटलेला बरा, हे वेगळे सांगायला नको.

खंडन झाले, मंडनाचीही जबाबदारी आहे. निवड कशी करावी?

आधी निदान, मग दुकान. सगळी केसगळती एक नसते. २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत माणसांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) पथके आली, डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले, आणि पुढे अनेकांचे केस परतही आले. तापानंतर, बाळंतपणानंतर, थायरॉइडने गळणारे केसही बहुधा परततात. चाई पडली तर उपचार निराळा. अशा डोक्यावर घाईने रोपण करणे हा अपराध ठरेल, आणि घाईने पॅच चिकटवणे हाही. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाला न दाखवता एक रुपयाही खर्च करू नये.

निदान वंशपरंपरेच्या टकलाचे निघाले आणि केस नुसते विरळ असले, तर आधी औषध. मिनॉक्सिडिलला अमेरिकेत केसांसाठी १९८८ मध्ये मान्यता मिळाली, फिनॅस्टेराइडला १९९७ मध्ये. दोन्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावीत, फळ दिसायला सहा महिने तरी द्यावेत. त्या काळात टोप हवाच असेल तर रोज रात्री काढता येईल असा, केस न कापता बसणारा, क्लिपची जागा बदलत राहता येईल असा हलका पॅच घ्यावा. माथा पूर्ण मोकळा झाला असेल तर चिकटवण्याचा विचार रास्त.

मग खालचा पाया. लेसची जाळी सर्वांत नाजूक. कपाळाशी केस उगवल्यासारखे दिसतात, हवा खेळते, पण ती काही महिन्यांत फाटते. मोनोची जाळी जाड आणि दणकट, वर्षाच्या आसपास साथ देते; कपाळाची रेषा मात्र थोडी उघडी पडते. पातळ पॉलिमरची स्किन टेपला छान धरते, साफ करायला सोपी, पण घाम आत कोंडते. दिवसभर उन्हात हिंडणाऱ्या विक्रेत्याने स्किन घेऊ नये. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला ती चालेल. मधे मोनो आणि पुढे लेस हा मेळ पुष्कळांना मानवतो. मानवी केसांचा पॅच नैसर्गिक पडतो, पण उन्हाने लालसर होतो. कृत्रिम केसांचा रंग टिकतो, चमक मात्र खोटी दिसते आणि ड्रायरची उष्णता सोसत नाही.

पैशाचा हिशेब किमतीवर करू नये. पॅचची किंमत हा खर्चाचा लहान भाग. दर महिन्याचे सर्व्हिसिंग, डिंक, टेप आणि दरवर्षीचा नवा पॅच मिळून तीन वर्षांचा आकडा दुकानदाराकडून कागदावर लिहून घ्यावा. त्या आकड्याची रोपण आणि त्यानंतरची औषधे यांच्याशी तुलना करावी. कधी रोपण स्वस्त ठरेल. ठरले आणि मागचा पट्टा भरपूर असला, वय तिशीच्या पुढे गेले असले, गळती स्थिरावली असली, तर रोपण जरूर करावे. माझा विरोध रोपणाला नाही. टोपाला न तपासता बाद करण्याला आहे. आणि टक्कल ज्याला मनापासून मानवले त्याने ते ताठ मानेने मिरवावे. त्याच्या डोक्यावर टोप चढवण्याचाही हक्क कोणाला नाही.

वाचकांना एवढीच विनंती आहे. डिंक आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास थांबा. पहिल्या भेटीत पैसे देऊ नका. आणि घरातल्या कोणी टोप घ्यायचा म्हटले, तर त्याला हसू नका. त्याच्याबरोबर दुकानात जा.